फुकटचं कुलूप

माझ्या साडूंनी आजवर फाइल पाठवायला एक छदाम खर्च केलेला नाही, आणि पाठवलेली फाइल कुणाला धडपणे उघडू दिलेली नाही. या दोन्ही गोष्टींचा त्यांना सारखाच अभिमान आहे.

ते डिझायनर. म्हणजे साबणाची खोकी, औषधाच्या बाटल्यांवरची लेबलं, बुटांचे डबे, असं जे जे आपण उघडून कचऱ्यात टाकतो त्यावरची चित्रं ते काढतात. मी छापखानेवाला. त्यांची बायको म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, त्यामुळे त्यांनी काढायचं आणि मी छापायचं हे जवळजवळ लग्नाच्या मांडवातच ठरलं. त्यांचं घर नदीच्या पलीकडे, माझा छापखाना अलीकडे. पूल ओलांडून रमतगमत चालत आलं तरी पंचवीस मिनिटं लागतात. पण फाइल खिशात घालून पंचवीस मिनिटं चालणं म्हणजे साडूंच्या मते शुद्ध वेडेपणा. पेनड्राइव्ह खिशातून पडतो, बसमध्ये खिसा कापला जातो, आणि माणूस पुलावर चक्कर येऊन पडला तर लोक पाणी मारायच्या आधी खिसे चाचपतात. त्यापेक्षा ज्यांचं तोंडही आपण कधी पाहिलेलं नाही अशा कंपन्यांच्या हवाली फाइल करावी, म्हणजे ती सुखरूप पोचते, असं त्यांचं म्हणणं.

त्यातही कंपनी फुकट सेवा देणारी हवी. मी एकदा सुचवून पाहिलं की वर्षाचे थोडे पैसे भरा, मोठी फाइल एका दमात जाईल, तुमचाही जीव सुटेल आणि माझाही. त्यावर त्यांनी मला लहान मुलाला समजावतात तसं समजावलं. पैसे भरले की नाव द्यावं लागतं, पत्ता द्यावा लागतो, कार्डाचा नंबर द्यावा लागतो; म्हणजे फाइल झाकली जाते आणि आपण उघडे पडतो. फुकट घेणाऱ्याला कुणी ओळखत नाही, हीच खरी सुरक्षा. हे त्यांनी इतक्या गंभीरपणे सांगितलं की मला दोन दिवस ते पटलंही होतं.

फुकटवाल्यांची एक अट असते: दोन जीबीच्या वर काही पाठवायचं नाही. साडूंची फाइल आठ-नऊ जीबीची. मग ते तिचे पाच तुकडे करतात आणि पाच वेगवेगळ्या साइटवरून पाठवतात, कारण एका साइटवाल्याने चोरायचं ठरवलंच तर त्याच्या हाती फक्त बुटाच्या डब्याचं झाकण लागावं. पाच लिंका पाच ठिकाणी येतात. एक मला, एक माझ्या दुसऱ्या पत्त्यावर, एक माझ्या बायकोला, एक आमच्या मशीनवाल्याला आणि एक मेहुणीला, जी मग फोन करून विचारते की हे काय आलंय आणि याला हात लावला तर फोन बिघडेल का. एक साइट दोन मिनिटं केस वाढवणाऱ्या तेलाची जाहिरात दाखवते. दुसरी नऊ चित्रं दाखवून त्यातल्या सायकली ओळखायला लावते, म्हणजे मी माणूस आहे हे सिद्ध होतं. हे सगळं सात दिवसांत उरकायचं, नाहीतर लिंक आपोआप मरते. पाचही तुकडे जोडले की एक मोठी बंद फाइल तयार होते आणि ती पासवर्ड मागते.

पासवर्ड ते कधीही लिहून देत नाहीत. लिहिलेला पासवर्ड म्हणजे दारातच ठेवलेली किल्ली, असं त्यांचं ठाम मत. तो तोंडी सांगायचा, अर्धा मला आणि अर्धा माझ्या बायकोला. एकदा असं झालं की त्याच आठवड्यात आमचा अबोला होता. तीन दिवस एका घरात एकाच पासवर्डचे दोन तुकडे एकमेकांकडे न बघता फिरत होते आणि तिकडे औषधवाला लेबलांसाठी बोंब मारत होता. शेवटी लेबलांपायी मला माफी मागावी लागली. चूक माझी नव्हती, हे मी आजही सांगतो.

आमचा मशीनवाला त्यांना कुलूपसाहेब म्हणतो. तोंडावरही म्हणतो, आणि त्यांना ते आवडतं.

आणखी एक खोड सांगायची राहिली. छापायच्या आधी आम्ही नमुन्याची प्रत काढतो, रंग बरोबर येतोय का ते पाहायला. ती पाहायला साडू स्वतः येतात. फाइल घेऊन पंचवीस मिनिटं चालवत नाही, पण नमुना न्यायला हा माणूस पायी पूल ओलांडून हजर. रंग बघायचा, मान डोलवायची, आणि नमुना गुंडाळून बगलेत मारायचा. नुसता नमुना नव्हे, कडेच्या कापलेल्या पट्ट्यासुद्धा. टोपलीत वाकून बघायचं, काही राहिलं नाही ना. मी गिऱ्हाइकांना हे साभिनय करून दाखवत असे. लोक पोट धरून हसायचे. या माणसाचा सगळ्या जगावर अविश्वास आहे, मी म्हणायचो.

तर अशा माणसाला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी एक भिंत मिळाली.

शहरात नवं वाचनालय बांधत होते. त्यातल्या मुलांच्या खोलीची एक भिंत साठ फूट लांब आणि नऊ फूट उंच. तिच्यावर पूर्ण भरून एक चित्र हवं होतं. साडूंनी दोन कच्चे आराखडे दाखवले आणि व्यवस्थापकबाईंनी काम त्यांना दिलं. कोपऱ्यात चित्रकाराचं नावही टाकू म्हणाल्या. खोक्यांवर मालाचं नाव असतं, कारखान्याचं असतं, फेकून कुठे द्यायचं तेही असतं, काढणाऱ्याचं नसतं. तीस वर्षांत पहिल्यांदा साडूंचं नाव कशावर तरी येणार होतं. दीड वर्ष त्यांनी ते चित्र काढलं. मेहुणी सांगायची की जेवताना पानातही बोट फिरवत असतात. चित्र कुणालाच दाखवलं नव्हतं. मलाही नाही.

भिंतीवर लावायचे पट्टे छापणार अर्थातच मी. आणि नेमकं तेव्हाच साडूंच्या घशात गाठ निघाली. साधीच होती, पण काढणं भाग होतं. मंगळवारी ऑपरेशन, तीन दिवस दवाखान्यात, आणि पुढे आठवडाभर एक अक्षर बोलायचं नाही, अशी डॉक्टरांची तंबी. सोमवारी संध्याकाळी त्यांनी पाच तुकडे पाठवले आणि घोगऱ्या आवाजात फोन केला. म्हणाले, या वेळी पासवर्ड सांगायची गरज नाही, तो तुम्हाला माहीत आहे. मी म्हटलं बरं. मला वाटलं मागचाच ठेवला असेल.

मंगळवारी तुकडे गोळा केले. बुधवारी दुपारी मशीन मोकळं झालं तेव्हा फाइल जोडली आणि मागचा पासवर्ड टाकला. चुकला. त्याच्या मागचा टाकला. तोही चुकला. तेवढ्यात व्यवस्थापकबाईंचा फोन आला. बाई गोड बोलायच्या, पण घड्याळाला पक्क्या. उद्घाटनाची तारीख हलणार नव्हती. छपाईला दोन दिवस, चिकटवायला तीन दिवस, सुकायला दोन दिवस, असा हिशेब करून त्यांनी सांगितलं की गुरुवारी सहापर्यंत मशीन सुरू झालं नाही तर भिंतीवर तयार चित्र लावू. धबधब्याचं. ते त्यांच्याकडे आधीच येऊन पडलंय आणि दिसायला प्रसन्न आहे.

मग मी, बायको आणि मशीनवाला असे तिघं कामाला लागलो. साडूंच्या लग्नाची तारीख, आमच्या लग्नाची तारीख, सासूबाईंचं माहेरचं नाव, साडूंच्या पहिल्या सायकलचं नाव. बायकोला आठवलं की भाऊजींना आमच्या लग्नात बूट चावले होते, म्हणून ते बूट बनवणाऱ्या कंपनीचंही नाव टाकून पाहिलं. मशीनवाला म्हणाला, कुलूप टाकून बघा. टाकलं. चाळीसच्या वर प्रयत्न झाले. त्यांच्या घरातल्या कॉम्प्युटरलाही कुलूप, त्यामुळे मूळ फाइल तिथून आणायची सोय नव्हती. एका माणसाची दीड वर्षांची मेहनत माझ्या टेबलावर पडली होती आणि मी तिला हात लावू शकत नव्हतो.

गुरुवारी दुपारी दीड वाजता दवाखाना गाठला. साडू पलंगावर टेकून बसले होते, नाकावर गोल चष्मा, कोमट पाण्याचा पेला हातात, चेहऱ्यावर न बोलणाऱ्या माणसाचं मोठेपण. मेहुणी खुर्चीत बसून विणत होती. बोलायला बंदी म्हणून तिने त्यांना मुलांची ती पाटी आणून दिली होती, वरचा पातळ कागद उचलला की लिहिलेलं पुसून जाणारी. मला हायसं वाटलं. म्हटलं, साडूभाऊ, पासवर्ड लिहा, मी वाचतो, तुम्ही पुसा, विषय संपला. त्यांनी मान हलवली आणि पाटीवर लिहिलं की या पाटीच्या खाली मेण असतं, मेणावर ठसा राहतो.

मी हात जोडले. मेहुणीनेही विणकाम खाली ठेवून विनवलं. त्यांनी शांतपणे लिहिलं, 'तुम्हाला माहीत आहे.'

इथे माझं डोकं सटकलं. दवाखान्यात बोलू नये अशा आवाजात मी बोललो. संध्याकाळी सहा वाजता तुमची भिंत जाणार, तिथे धबधबा लागणार, तुमचं नाव परत कचऱ्याच्या डब्यात. तुमच्या कुलपांनी आजवर कुणाचं भलं झालंय? चोर तर कधी आलाच नाही, हाल मात्र माझे झाले. नर्स दारात येऊन उभी राहिली. साडू माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही. खूप वेळ वाट पाहिलेली बस दिसावी तसे. मग त्यांनी कागद उचलून पाटी पुसली आणि सावकाश लिहिलं:

'जे तुम्ही मला सांगितलं नाहीत, ते. एकच शब्द.'

मी वाचलं. त्यांनी पुसलं. मेहुणीला वाटलं काहीतरी गमतीचं कोडं घातलंय, ती हसली. मी हसलो नाही. येतो म्हणालो आणि बाहेर पडलो.

आता मला ती गोष्ट सांगणं भाग आहे, आणि खरं सांगायचं तर ती टाळण्यासाठीच मी इतका वेळ तेलाच्या जाहिराती सांगत बसलो.

एकोणीस वर्षांपूर्वी साडूंनी एका बिस्किटाच्या कारखान्यासाठी डबा काढला होता. त्यावर बूट घातलेला ससा. जिना चढतोय, एक पाय वरच्या पायरीवर, आणि वळून आपल्याकडे बघतोय. तो ससा बघून माणसाच्या चेहऱ्यावर आपोआप हसू यायचं. कारखानदार इतका खूश होता की पुढची पाच वर्षं सगळे डबे तुम्हीच काढा म्हणाला. त्याच महिन्यात मी नवं मशीन घेतलं होतं. सशाचा नमुना त्यावर असा काही उतरला की मला राहवेना. मी तो दुकानाच्या काचेत लावला, रस्त्याकडे तोंड करून. माझ्या मशीनचे रंग लोकांना दिसावेत म्हणून. आठ दिवस होता. मग ऊन लागून फिका पडायला लागला, काढून टाकला.

दोन महिन्यांनी दुसऱ्याच एका कंपनीचा बिस्किटांचा डबा बाजारात आला. त्यावर ससा. कान जरा आखूड, बाकी तोच जिना आणि तेच वळून बघणं. आमच्या कारखानदाराने साडूंना दारात उभं करून नाही नाही ते ऐकवलं. एक चित्र दोघांना विकलं, असा आरोप. पाच वर्षांचं काम गेलंच, शिवाय खोकी बनवणाऱ्या सगळ्या धंद्यात बोभाटा झाला. दोन वर्षं साडूंना कुणी दारात उभं केलं नाही. खोकल्याच्या औषधाची लेबलं काढून त्यांनी घर चालवलं.

त्या वेळी ते एकदा माझ्याकडे आले होते. समोर बसले, चहा घेतला आणि म्हणाले, तुमच्याकडून तर कुठे गेलं नाही ना? मी म्हणालो, माझ्या दुकानातून कागदाचा कपटाही बाहेर गेलेला नाही. हे वाक्य मी नीट तोलून बोललो होतो. त्यात खोटं काहीच नव्हतं. नमुना काचेच्या आतच होता.

त्या दिवसानंतर कुलपं सुरू झाली. मी जगाला सांगत राहिलो की बिचाऱ्यांच्या डोक्यावर चोरीचा परिणाम झालाय.

छापखान्यात परत आलो तेव्हा तीन वाजले होते. मशीनवाल्याला मी चहाला पाठवलं. तो म्हणाला आत्ताच घेतला. मी म्हटलं, परत घे.

माणूस किती चिवट असतो पाहा. फाइलसमोर बसल्यावर मी आधी दुसरेच गुन्हे आठवून पाहिले. साडूंचं जुनं ड्रॉइंगचं टेबल सांभाळायला म्हणून ठेवून घेतलं आणि परस्पर देऊन टाकलं, ते मी त्यांना सांगितलेलं नव्हतं. टेबल असं टाइप केलं. चुकलं. त्यांच्या मुलीच्या लग्नात पत्रिकांचा रंग माझ्याकडून बिघडला आणि मी कागदावर ढकलला. पत्रिका. चुकलं. एकदा त्यांच्या पाठीमागे त्यांना चिक्कू म्हणालो होतो. तेही टाकून पाहिलं. तेवढ्यावर सुटलो असतो तर मला आनंदच झाला असता. चार वाजून वीस मिनिटं झाली. मशीनवाल्याची पावलं बाहेर वाजायला लागली.

मी काच असं टाइप केलं आणि फाइल उघडली.

दोन अक्षरांचा पासवर्ड. बारा अक्षरांच्या आतला पासवर्ड म्हणजे उघडं दार, असं मला एकोणीस वर्षं सांगणाऱ्या माणसाने आपल्या आयुष्यातल्या सगळ्यांत मोठ्या कामाला दोन अक्षरांचं कुलूप लावलं होतं.

पावणेपाचला मशीन सुरू झालं. व्यवस्थापकबाईंना कळवलं, त्या वा म्हणाल्या आणि फोन ठेवला. चित्र होतं एका रस्त्याचं. साठ फूट लांब रस्ता, दोन्ही बाजूंना घरं आणि दुकानं, प्रत्येक खिडकीत कुणीतरी काहीतरी वाचतंय. न्हावी वाचतोय, गिऱ्हाईकही अर्धी दाढी तशीच ठेवून त्याच्या खांद्यावरून वाचतंय. छपरावरची मांजर वर्तमानपत्रावर झोपलीय. मशीनवाला एकेक पट्टा बाहेर येताना बघून हसत होता, आणि मशीनवाला सहसा हसत नाही. सातव्या पट्ट्यात एक छापखाना आला. माझाच. दारावरची घंटासुद्धा माझी. त्याच्या काचेत एक कागद लावलेला, कागदावर जिना चढणारा ससा. आणि समोर रस्त्यात एक बस थांबलेली. बसच्या खिडकीत गोल चष्म्याचा एक माणूस. भिंतीवरच्या शेकडो माणसांत वाचत नसलेला तो एकटाच. तो काचेकडे बघत होता.

मशीनवाला म्हणाला, हे तर आपलं दुकान. मी म्हटलं, हो, रंग बघ, लाल जास्त होतोय. लाल बरोबर होता.

मला लाज वाटली. दुसरा शब्द नाही. हा माणूस जगावर विश्वास टाकत नाही, असं मी सगळ्यांना सांगत होतो. जगावर तर त्यांनी डोळे मिटून विश्वास टाकला होता. पाच अनोळखी कंपन्यांच्या हाती ते आपलं काम फुकटात सोपवत होते. नमुना आणि त्याच्या कडेच्या पट्ट्या टोपलीतून वेचून नेत होते ते मात्र फक्त माझ्या दुकानातून. आणि तरी एकोणीस वर्षं काम माझ्याकडेच देत राहिले, कारण विचारलं तर म्हणायचे, रंग तुमच्याकडेच बरोबर येतो.

उद्घाटन पुढच्या शनिवारी झालं. तोवर साडूंना बोलायची परवानगी मिळाली होती, पण जपून. भाषणं झाली, ती सगळी व्यवस्थापकबाईंबद्दल होती. कोपऱ्यात खाली साडूंचं नाव होतं, आणि मेहुणी येईल त्याला हाताला धरून तिथे नेत होती. मुलं सातव्या पट्ट्यापाशी गर्दी करून सशाला बोटं लावत होती. गर्दी पांगल्यावर मी साडूंच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. गाडीत मी बरीच वाक्यं जुळवली होती. ती सगळी सोडून सरळ म्हणालो, "तो ससा मी काचेत लावला होता. आठ दिवस."

"हो," ते म्हणाले. आवाज अजून घोगरा होता. "तिसऱ्या दिवशी मी बसमधून बघितला."

"म्हणजे सुरुवातीपासून माहीत होतं? मग तेव्हाच मला विचारायचं होतंत."

साडू भिंतीकडे बघत होते. एका मुलीने बसच्या खिडकीतल्या माणसाच्या चष्म्यावर बोट ठेवलं होतं.

"विचारलं होतं की," ते म्हणाले.